गेटवरचा पंजा

आमच्या दादाचा माणसांवर विश्वास कमी आणि रंगावर जास्त. म्हणजे दिसणाऱ्या रंगावरही नाही, त्याच्याखाली काय दडलंय त्यावर. कुणाच्या घरी गेला की यजमानांची विचारपूस करायच्या आधी तो त्यांच्या खिडकीचा गज नखानं खरवडून बघतो. पोपडा निघाला की गुपचूप खिशात टाकतो आणि परत येताना मला दाखवतो. "बघ, गंजावरच रंग फासलाय. ह्यांच्या बोलण्यावर तरी काय भरवसा ठेवायचा?" मी त्याची धाकटी बहीण. त्याच्या कारखान्यात रंग कालवते आणि घरी त्याचं डोकं ठिकाणावर ठेवते. दुसरं काम जास्त अवघड आहे.

कारखाना म्हणजे एक मोठी शेड. टाक्या, जिने, कठडे, पाईप, गेटं, असं सगळ्या जातीचं लोखंड आमच्याकडे आजारी होऊन येतं. आधी ब्लास्टिंगच्या खोलीत बारीक खडीचा जोराचा मारा करून जुना रंग आणि गंज पार उडवतात. मग खाली फिकट राखाडी, उघडं लोखंड दिसायला लागतं. ते दिसायला देखणं असतं, पण नुकतं आंघोळ घातलेल्या तान्ह्या मुलासारखं, जरा हवा लागली की शिंकलंच. म्हणून त्याच्या अंगावर ताबडतोब प्रायमर चढवायचा, मग मधला जाड कोट, मग वरचा. लोकांना वाटतं रंग शोभेसाठी असतो. रंगाचं खरं काम म्हणजे हवा आणि पाणी ह्या दोघांना लोखंडापर्यंत पोचू न देणं. हे वाक्य दादाचं आहे. जेवताना, दाढी करताना, पाहुण्यांसमोर, आणि एकदा तर दवाखान्यात सलाईन लावलेलं असतानाही ते मी ऐकलंय.

दादाचा एक नियम मात्र सगळ्या नियमांचा बाप आहे. साफ केलेल्या लोखंडाला उघड्या हातानं शिवायचं नाही. हाताला घाम असतो, घामात मीठ असतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. वरून रंग मारला की ते आत अडकून पडतं. रंग कितीही चांगला असला तरी थोडासा ओलावा आत झिरपतोच. मीठ तो ओढून घेतं, रंगाला बारीक फोड येतो आणि फोडाखाली गंज आपलं बस्तान बसवतो. एकदा एक बडं गिऱ्हाईक बोलता बोलता स्वतःच्याच पाईपला टेकून उभं राहिलं. दादानं त्याच्यासमोर तो पाईप पुन्हा ब्लास्टिंगला पाठवला आणि त्याला खुर्ची दिली. ते गिऱ्हाईक पुन्हा कधी कशाला टेकलं नाही.

ह्या माणसाला एकच मुलगी. वहिनी गेल्या तेव्हा ती शाळेत होती, नंतर ती ह्या शेडमध्येच वाढली. आज कोटाची जाडी तपासायचं काम तीच करते आणि तिनं नापास केलेला माल दादासुद्धा पास करत नाही. तर ही आमची भाची मागच्या वर्षी तपासणीचं भिंग दुरुस्त करून घ्यायला समुद्राकाठच्या शहरातल्या एका चष्म्याच्या दुकानात गेली आणि भिंगाबरोबर दुकानदारही पसंत करून आली.

मुलगा भेटायला आला. सरळ, शांत, थोडा बावरलेला. दादानं हात पुढे केला, त्यानं हात दिला, आणि दादा तो हात सोडेचना. डॉक्टर जीभ बघतात तसा त्यानं मुलाचा तळवा उलटा करून बघितला.

"घाम नेहमी येतो?" दादानं विचारलं.

"नाही काका. आत्ताच येतोय."

"आत्ता का?"

"तुम्ही विचारताय म्हणून."

मला उत्तर आवडलं. दादाला नाही. मुलगा गेल्यावर त्यानं त्याचं नाव ठेवलं, दमट. "मुलगा चांगला असेलही," तो म्हणाला, "पण खाऱ्या हवेतला, आणि वर ओला. असा माल मी कारखान्यात उतरवून घेत नाही."

"तो माल नाही, माणूस आहे," मी म्हटलं.

"माणसं जास्त लवकर खराब होतात," तो म्हणाला, आणि लगेच माझ्याकडे बघून गप्प झाला. माझं लग्न एकाच कोटाचं निघालं होतं. वरून चकचकीत, आणि वर्षाच्या आत पोपडे. तेव्हा दादा स्वतः येऊन मला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी रंग कालवायचा दांडा माझ्या हातात दिला. त्यामुळे त्याला मुलीच्या लग्नाची धास्ती का वाटते हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि ऐकून घेणं वेगळं.

भाचीला कायद्यानं बापाची परवानगी लागत नव्हती. ती हवी होती तिच्या जिवाला. "बाबांनी हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही," ती मला म्हणाली, आणि ती बापाचीच मुलगी असल्यामुळे ते वाक्य तिथंच पक्कं वाळलं. दादाही हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. शेवटी मी दोघांना समोरासमोर बसवलं, दार लावून घेतलं आणि म्हटलं, आता निकाल लागेपर्यंत चहा मिळणार नाही.

दादानं बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "आपल्या घराचं गेट. दोघांनी मिळून करायचं. ब्लास्टिंगपासून शेवटच्या कोटापर्यंत. एक पावसाळा जाऊ दे. गंजाचा ठिपका दिसला नाही, तर माझा हो."

"आणि दिसला तर?"

"तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही."

जावयाची अशी परीक्षा दुसऱ्या कुठल्या घरात घेतली जात असेल असं मला वाटत नाही. पण भाचीचे डोळे चमकले. तिला वाटलं, ह्या परीक्षेत आपल्याला कोण हरवणार? माझ्याही मनात आलं की मुलांना थोडी मदत करावी, म्हणून मी हळूच जस्ताच्या प्रायमरचा डबा पुढे सरकवून ठेवला. जस्ताचा गुण असा की ते आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. दादानं डबा उचलून परत फळीवर ठेवला. "साधा प्रायमर. जस्त लावलं तर पास जस्त होईल, तो नाही."

कामाच्या दिवशी पहाटेच्या बसनं दमट आला. हातात मोजे, त्यावर मोज्यांचा आणखी एक जोड, तोंडावर फडकं, डोळ्यांवर मोठा चष्मा. तो चष्मा त्याच्याच श्वासानं धुरकटला होता आणि लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून दुकान चालवणारा हा माणूस आमच्या शेडमध्ये चाचपडत फिरत होता. नाकाला खाज सुटली तरी त्यानं हात वर नेला नाही. शेवटी भाचीनंच त्याचं नाक खाजवून दिलं. दादा लगेच छताकडे बघायला लागला.

दुपारी गेट साफ होऊन शेडच्या मधोमध उभं राहिलं. पत्र्याचं भक्कम गेट, एक डाग नाही. कपडे झटकायला दमट बाहेर गेला. मी रंगाच्या टेबलाशी होते. आमच्या रंगाचे दोन भाग असतात, मूळ रंग आणि त्याला कडक करणारं दुसरं द्रव. एकदा एकत्र केले की ते कुणासाठी थांबत नाहीत, डब्यातच दगड होऊन बसतात. म्हणून मी ओरडून विचारलं, "कालवू का?" उत्तर नाही. वळून बघितलं तर बापलेक गेटजवळ उभे होते, ती काहीतरी सांगत होती आणि दादाची माझ्याकडे पाठ होती. पुन्हा विचारलं. थोड्या वेळानं दादा आला. "कालव," म्हणाला, आणि डब्यात डोकावून न बघताच निघून गेला. मला वाटलं, दमला असेल.

मग प्रायमर झाला, मधला कोट झाला, वरचा गडद हिरवा झाला. गेट घराला लागलं आणि पावसाळा सुरू झाला. दादा रोज सकाळी छत्री घेऊन गेट तपासायचा. दमटनं त्याला त्यासाठी एक उत्तम भिंग भेट म्हणून पाठवलं होतं. होऊ घातलेल्या सासऱ्याला आपलाच दोष शोधायला भिंग पाठवावं, ह्याला धाडस म्हणावं की बावळटपणा, हे मी अजून ठरवलेलं नाही. आठवडे गेले. गेटवर ठिपका नाही. दादाचा चेहरा उतरत चालला आणि भाची स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली. खरं तर मधूनमधून ती एकदम गप्प व्हायची आणि खिडकीतून गेटकडे बघत बसायची. मी तिकडे लक्ष दिलं नाही, हा माझा मूर्खपणा.

पाऊस ओसरत आला तेव्हा एका सकाळी दादाची हाक आली. मी पळत गेले. गेटवर, छातीच्या उंचीला, कडेच्या जवळ, हिरव्या रंगाखालून बारीक बारीक फोड वर आले होते आणि त्यांच्या टोकांना तांबूस पाणी सुटलं होतं. फोड ओळीनं होते. चार बोटं, एक अंगठा आणि तळव्याची कड.

"पंजा," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं असं मी म्हणणार नाही. "दमटचा पंजा. बोलाव त्याला."

मी तो पंजा बघितला. एवढा मोठा तळवा, आणि अंगठा असा फटकून बाहेर गेलेला. लहानपणी चिंचा चोरल्या म्हणून हाच हात माझ्या पाठीत बसला होता. मी तो अंधारातसुद्धा ओळखीन. तेवढ्यात आमचा रंग फवारणारा आला, ज्याला सगळे फुस्स म्हणतात. त्यानं पंजा बघितला, दादाचा हात बघितला, आणि त्याला जी खोकल्याची उबळ आली ती घेऊन तो रस्त्याच्या पलीकडेच गेला. मग ब्लास्टिंगवाला आला. तो आल्या पावली परत फिरला. सगळ्यांना दिसत होतं. दिसत नव्हतं ते फक्त भिंग डोळ्याला लावून बसलेल्या माणसाला.

मी भाचीला ओढत स्वयंपाकघरात नेलं. "तुला दिसतंय ना तो कुणाचा हात आहे?"

"दिसतंय."

"मग जा आणि सांग त्याला."

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस, आत्या."

"का म्हणून? तुझं लग्न मोडायला निघालंय त्या पंजापायी."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "हात कुणाचा हे सांगितलं तर का ठेवला हेही सांगावं लागेल," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं. त्या दिवशी गेटजवळ तिनं बापाला कळवलं होतं की लग्न झालं तर दमट इकडे येणार नाही, तीच तिकडे जाणार. तिथल्या बंदरात तिला काम मिळत होतं, जहाजांचे रंग तपासायचं. "बाबा फक्त बरं म्हणाले," ती म्हणाली. "आणि गेटला धरून उभे राहिले. त्यांना कळलंही नाही. त्यांना कशाला तरी धरायचंच होतं गं."

"आणि तू बघत होतीस?"

"हो."

"मग प्रायमरच्या आधी पुन्हा मारा का नाही करून घेतलास?"

"कशासाठी, असं बाबांनी विचारलं असतं. मला सांगावं लागलं असतं. वाटलं, एखाद्या वेळी टिकेल."

म्हणजे ज्या पोरीनं आयुष्यात कधी मालातला दोष लपवला नाही, तिनं स्वतःच्या लग्नाच्या गेटमध्ये जाणूनबुजून दोष राहू दिला. का, तर बापाला आधार घ्यावा लागला हे बापाला कळू नये म्हणून. मला तिला जवळ घ्यावंसंही वाटलं आणि दोन लगावाव्यात असंही वाटलं. "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलायचं सोडून लोखंडाशी बोलता," मी म्हटलं. "काय अवलादी आहेत एकेक."

दुसऱ्या दिवशी सकाळी दमट आला. दादानं चौकशीच मांडली. कारखान्यातली सगळी माणसं गेटसमोर उभी केली, मीही त्यात.

"हात ठेव," दादा दमटला म्हणाला.

त्यानं ठेवला. चारी बाजूंनी पंजा उरला.

"पसर."

"पसरलाय, काका."

"आणखी पसर."

दमटनं बोटं इतकी ताणली की ती कड्‌कन वाजली. तरी पंजाच्या कडेला ती पोचेनात. उलट घामाचा एक नवा ओला ठसा मात्र उमटला. "गंज पसरतो," दादा म्हणाला. "मूळ हात लहान असेल, नंतर डाग मोठा झाला असेल." मग त्यानं फुस्सला हात ठेवायला लावला, ब्लास्टिंगवाल्याला लावला, मलाही लावला. माझा हात त्या पंजात ठेवताना मला हसू आवरेना, म्हणून मी शिंकल्यासारखं केलं. कुणाचाच हात बसत नव्हता आणि दादा कमरेवर हात ठेवून चिडत होता.

तो कमरेवरचा हात दमटला दिसला. त्याचे डोळे चांगले आहेत, त्याचा धंदाच डोळ्यांचा. त्यानं हात बघितला, पंजा बघितला, मग भाचीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. तेवढ्यावरून पठ्ठ्याला काय कळायचं ते कळलं.

"काका," तो म्हणाला, "हात माझाच आहे."

"तू दोन मोजे घातले होतेस."

"मध्ये काढले होते."

"तुझी बोटं एवढी लांब नाहीत."

"तेव्हा होती," दमट म्हणाला.

इतकं वाईट खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. फुस्स पुन्हा खोकायला लागला. पण मला त्या मुलाचा जो अभिमान वाटला तो दुसऱ्या कुणाचा कधी वाटला नव्हता, कारण ते खोटं पचलं असतं तर त्याचं लग्न तिथंच संपलं असतं आणि त्याला ते ठाऊक होतं. दादाही गोंधळला. खोटं कळत होतं, पण कशासाठी ते कळत नव्हतं.

"पुरे," भाची म्हणाली. "बाबा, तुम्ही ठेवा हात."

दादा हसला. "मी? उघड्या लोखंडाला? मी?"

"ठेवा तर खरं."

हे किती वेडगळ आहे ते सगळ्यांना दाखवायला म्हणून त्यानं ऐटीत हात उचलला आणि गेटवर ठेवला. अंगठ्याखाली अंगठा, बोटाखाली बोट. फोडाचा एकही ठिपका बाहेर राहिला नाही. त्याचं हसू तिथंच थांबलं. त्यानं हात काढला नाही, नुसता त्याच्याकडे बघत राहिला.

"कधी?" त्यानं विचारलं.

"मी बंदराचं सांगितलं तेव्हा."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं," ती म्हणाली.

मग दादानं हात काढला, खिशातून भिंग काढलं आणि वाकून सगळं गेट पुन्हा तपासलं. वरपासून खालपर्यंत, बिजागऱ्यांच्या मागे, खालच्या कडेला, जिथं पाणी साचतं तिथंही. आम्ही सगळे त्याच्या मागेमागे सरकत होतो. शेवटी तो सरळ झाला.

"गेट नापास," तो म्हणाला. दमटचा चेहरा पडला. "पण पंजाच्या बाहेर एक ठिपका नाही. काम चांगलं झालंय. नापास मी केलंय." मग फुस्सकडे वळून म्हणाला, "दुपारी उतरवून घे. त्या जागेचा रंग काढून मी स्वतः साफ करणार."

फुस्सनं मान डोलावली. बाकीचे जायला वळले. दादानं त्यांना थांबवलं नाही, पण तोही जागचा हलला नाही. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"त्या दिवशी काय म्हणाली होतीस," तो लेकीला म्हणाला, "ते पुन्हा एकदा सांग. ह्या वेळी मी कशाला हात लावणार नाही."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. "बाबा, मी तिकडे जाणार आहे," ती म्हणाली. "तिथंच राहणार आहे."

"हो," दादा म्हणाला. "जा."

अख्खं वर्ष ज्या शब्दासाठी घर टांगणीला लागलं होतं तो शब्द त्यानं इतक्या साध्या आवाजात काढला की दमटला कळलंच नाही. भाचीला त्याचा दंड हलवून सांगावं लागलं. मग तो हसायला लागला आणि ती रडायला. मला मात्र तिकडे धड बघता येत नव्हतं. दादानं गेटला हात लावला नव्हता, दिलेला शब्द पाळला होता. पण पाठीमागे, कुणाला दिसणार नाही असं, त्यानं माझं कोपर घट्ट धरलं होतं आणि त्याचा हात घामानं चिंब झाला होता. तो सोडेपर्यंत तशीच उभी राहिले.